कुंपणाच्या जागी

—नाही, आधी ती पहार खाली ठेव. तिथे नाही! भिंतीला टेकव, भिंतीला. हेदरच्या रोपांवर पडली असती म्हणजे? हां. आता आत ये. बूट राहू देत, फरशी काय, पुसता येते, मोडलेली रोपं पुसून नीट होत नाहीत. बस तिथे. ती खुर्ची मांजराची आहे, पण ते उठेल — ऊठ ग — हं, बस. तू स्ट्रुअन ना? स्ट्रुअन मॅकफी? मला वाटलंच. शाळेत माझ्या खिडकीसमोर ताट घेऊन उभा राहायचास आणि सलगमाचा लगदा वाढला की डोळ्यांत पाणी आणायचास. खिशात भरून न्यायचास तू सलगम, माहितीय मला, सगळं माहिती असायचं. तुझ्या आईने विचारलं होतं एकदा, याच्या चड्डीच्या खिशांना हा वास कसला म्हणून. आणि आता केवढा झालास, स्वतःची गाडी, गाडीवर नाव, गाडीत खांब. चांगलं आहे. गेडीस बाई कसल्या रे, शाळेचं स्वयंपाकघर सोडून किती वर्षं झाली, नेट्टा म्हण. नाही म्हणवत? मग बाई म्हण. घे, शॉर्टब्रेड घे. मोठा तुकडा घे, तो घे, कडेचा.

तर तू कुंपण घालायला आलास. नाही नाही, तू खा, मला माहितीय, खांब बघितले मी तुझ्या गाडीत. फोन आला तुला लम्सडेनकडून, हो ना? तेच. कुठल्या लम्सडेनकडून तेही माहितीय मला. आयलीन. शेजारच्या वॉटीची मुलगी, ॲबर्डीनची. नववर्षाला आली होती तेव्हा त्या जागेवर उभी राहून म्हणाली की हद्द स्पष्ट हवी. घर विकायला काढायचं तर घेणारा पहिलं हेच बघतो म्हणे, कुठवर माझं आणि कुठून शेजाऱ्याचं. मी म्हटलं, आयलीन, तू चार वर्षांची असताना इथल्या जुन्या कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे येऊन बिस्किटं खायचीस, तेव्हा तुला हद्द नव्हती दिसली. हसली. वाईट नाहीये पोर. बापाची काळजी आहे तिला, ती काय मला कळत नाही? एकटा म्हातारा, जिना, बर्फ. तिच्या घराजवळ फ्लॅट आहे म्हणे, खाली दारवान, प्रत्येक खोलीत ओढायची दोरी — पडलात की ओढायची, मग मदत येते. मी विचारलं, आणि दोरीपाशी न पडता दुसरीकडे पडला तर? तेव्हा नाही हसली.

चहा ओतू ना? दूध तूच घाल. तर खांब पुरायच्या आधी तू माझं ऐकून घे, मग काय ते कर, तुझं काम आहे, मी काही आडवी पडणार नाहीये तिथे. म्हणजे तसा विचार केला होता मी सकाळी, पण गुडघा वाकत नाही. ये, या खिडकीतून बघ. ती रांग दिसते? माझ्या पायरीपासून पार त्या शेडपर्यंत, एक गुलाबी, एक पांढरं, एक गुलाबी, एक पांढरं. हे हिवाळी हेदर. डोंगरावरचं नाही रे, ते वेगळं, ते ऑगस्टमध्ये फुलतं आणि मग बसभर लोक येतात फोटो काढायला. हे असं — बाहेर सगळं मेलेलं असताना, गवत गोठून कुरकुरत असताना, बर्फातून नाक वर काढून फुलणारं. नोव्हेंबरात कळ्यांना रंग चढायला लागतो आणि मार्च संपेपर्यंत चालूच. काय करावं लागतं म्हणून विचारशील तर काही नाही. खत नको, खत घातलं की माजतं, लांब लांब वाढतं आणि मधून उघडं पडतं. ऊन पाहिजे, पाणी साचायला नको, आणि लावताना जरा खोल लावायचं, खालची पानं मातीला टेकली पाहिजेत. बस. फेब्रुवारीत ऊन पडलं ना की त्या मोठ्या भुंग्यांच्या राण्या येतात, नुकत्या झोपेतून उठलेल्या, धडपडत, दारू प्यायल्यासारख्या — त्यांना तेव्हा गावात दुसरं खायला काही नसतं. मी आणि हे हेदर, आम्ही दोघांनी लोकांना वाढण्यातच जन्म घालवला, दुसरं काय.

गुलाबी माझं. पांढरं इनाचं. इना म्हणजे वॉटीची बायको, तुला आठवत असेल, चर्चमध्ये पियानो वाजवायची आणि चुकली की आमच्याकडे रागाने बघायची, जसं काही आम्हीच चुकलो. पस्तीस वर्षं शेजारीण माझी. मधे ते कुंपण, आणि कुंपणावरून आमचं चालायचं, तुझं आधी फुललं की माझं, तुझं दाट की माझं. तिचं पांढरं खरंच सुंदर होतं, आता म्हणायला हरकत नाही. तेव्हा कधी म्हटलं नाही मी. तीही माझ्या गुलाबीला 'बरं आहे' म्हणायची फक्त. आजारी पडली तेव्हा मी रोज सूप घेऊन जायचे, फाटकाला वळसा घालून, आणि शेवटी शेवटी एकदा म्हणाली, नेट्टा, तुझं गुलाबी माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण कुणाला सांगू नकोस. मी आज पहिल्यांदा सांगतेय. घे ना अजून एक, तुझ्यासाठीच काढलेत.

हं. तर ती गेली उन्हाळ्यात, आणि ऑक्टोबरात या शहाण्या वॉटीने काय केलं? आपल्याकडे सगळेच करतात ना, हिवाळ्याआधी बाग आवरायची, कापायचं, झाडायचं, पानं गोळा करायची, बागेला झोपवायचं. याने कधी बागेत हात घातला नव्हता, सगळं इनाचं होतं. पण आता आपण नीट ठेवलं पाहिजे, तिला आवडलं असतं म्हणून मोठी कात्री घेतली आणि तिचं सगळं पांढरं हेदर कातरून काढलं. गोल गोल, सुबक, मेंढ्या कातरतात तसं. मी घरी नव्हते, बहिणीकडे गेले होते, नाहीतर कुंपणावरून उडी मारली असती. अरे, त्याच्या कळ्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात! हे कातरायचं ते एप्रिलात, फुलं संपल्या संपल्या लगेच, आणि तेही वरवर, हिरवं आहे तेवढंच, खालच्या जुन्या लाकडाला हात नाही लावायचा. ऑक्टोबरात कातरलं म्हणजे सगळा हिवाळाच कचऱ्यात टाकला. त्या वर्षी जानेवारी आला, माझ्याकडे गुलाबी फुललेलं, आणि पलीकडे हिरवे गोळे नुसते. एक फूल नाही. मी कपडे आत घ्यायला बाहेर आले तर हा कुंपणापाशी उभा, टोपी हातात. म्हणाला, नेट्टा, ते पण तिच्याबरोबर गेलं. आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, सगळा जन्म दूधगाडी चालवलेला, पहाटे बर्फात कधी कुरकुर नाही केली, आणि तिथे उभा राहून रडतोय.

मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, गाढवा, ते मेलं नाहीये, तू कळ्या कापल्यास. वर्षभर हात लावू नकोस, फुलेल. खरं तर जरा प्रेमाने बोलायला हवं होतं, नाही का. पण हसला. रडता रडता हसला. आणि वर्षभर हात नाही लावला त्याने, रोज मला कुंपणावरून विचारायचा, आता पाणी घालू का, आता तण काढू का, आता नुसतं बघू का. मी म्हणायचे नुसतं बघ. पुढच्या हिवाळ्यात फुललं. पहिलं फूल दिसलं तेव्हा मला हाक मारली, घरच्या सपाता घालूनच बाहेर आलेला, बर्फात. आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे, आणि ते एवढंसं पांढरं फूल, तांदळाच्या दाण्याएवढं, बघत बसलो. गारठून गेलो, पण कुणी आत जायचं नाव घेईना.

मग ते वादळ आलं, तू तेव्हा कामात बुडाला असशील, अख्ख्या गावाची कुंपणं आडवी झाली होती. आमचंही गेलं, फळ्या पार पलीकडच्या बेथूनबाईंच्या कोंबड्यांत. आता कुंपण कुणाचं, त्याचं की माझं, दुरुस्ती कुणी करायची, हा तर आपल्याकडे भांडणाचा विषय. लोक शेजारधर्म विसरतात त्यापायी, चर्चमध्ये बाक बदलून बसतात. मी घराचे कागद काढायच्या तयारीत होते, आणि हा म्हणाला, नेट्टा, कुंपण नकोच घालू या. हेदर लावू. तुझं गुलाबी, इनाचं पांढरं, एकाआड एक. मी त्याला दाब कलम शिकवलं — बाजूची फांदी वाकवायची, मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि विसरून जायचं, वर्षभराने तिला स्वतःची मुळं येतात, मग आईपासून तोडायची. दोन्ही बागांत जिकडे तिकडे दगड. बेथूनबाईंनी विचारलं, हे काय, मांजरं पुरली का? गेल्या सप्टेंबरात रांग लावली. त्याने गुडघ्यांवर बसून लावली, मी उभं राहून चुका काढल्या. आणि मधे बघ, तिथे, मधोमध जागा सोडलीय, दोन माणसं मावतील एवढी. मी विचारलं इथे का नाही लावलंस? म्हणे खाली दगड लागला. मी म्हटलं खण, म्हणे मोठा आहे. एवढी सुरेख रांग आणि मधे दात पडल्यासारखं. तू तिथेच खडूच्या खुणा करत होतास मघाशी. दगड आहे खाली, सांगून ठेवते, तुझी पहार वाकेल.

थांब, तू काहीतरी म्हणत होतास. आधी गिळ, मग बोल. नाही, मीच सांगते, कारण मुद्दा तोच आहे. ही रोपं आता लहान आहेत, मधे माती दिसते. एकमेकांत मिसळून सलग व्हायला तीन वर्षं लागतात. तीन! मग मात्र कुठलं कुठे संपतं ते मलाही नाही सांगता येणार. तू इथून तिथवर खांब पुरलेस ना, की मुळं तुटली, संपलं. आणि ते कुणासाठी, तर कुठल्यातरी एडिनबराच्या जोडप्यासाठी, जे वर्षातून दोन आठवडे येतील आणि तिथे खडी पसरतील.

आणि तो? तो गेलाय आयलीनकडे. तीन आठवडे होतील. फ्लॅट बघायला. फोन नाही. म्हणजे फोनवर त्याचं तसंही जमत नाही, कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. ते इथेच काढून ठेवायचा तो बरेचदा, त्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी — दुपारी येतो ना, पेपर वाचायला. कधी कधी संध्याकाळी. सपाता पण इथेच आहेत एक जोड, त्या बघू नकोस तू. तसं काही नाहीये. म्हणजे... तसं काही नाहीये असं मीच ठरवलं. हेच तर.

सांगू तुला? तू सांगणार नाहीस कुणाला, तू सलगमाचं कधी बोलला नाहीस. एक जानेवारीला आला. वर्षाचं पहिलं पाऊल दारात पुरुषाचं पडावं म्हणतात, काळ्या केसांचा, उंच. याचे केस होते तेव्हाही लालच होते, आणि आता तेही नाहीत, पण असू दे. बारापर्यंत जागायचं आता आमच्याच्याने होत नाही, सकाळी आला, पाणी घालून चापून बसवलेले चार केस, एका हातात शकुनाचा कोळसा, एका हातात पांढऱ्या हेदरची डहाळी. बेथूनबाई त्याच्या आधी टपकल्या होत्या केक घेऊन, त्यांना मी दाराबाहेर उभं केलं, म्हटलं थांबा, तुम्ही पहिलं पाऊल टाकायचं नाही. बर्फात उभ्या! आणि तिथून त्यांना काय दिसलं असेल? त्याच्या मागच्या दारापासून माझ्या मागच्या दारापर्यंत पावलांची वाट, सरळ, रोपांच्या मधून. रविवारपर्यंत अख्ख्या चर्चला कळलं होतं.

त्या गेल्यावर तो इथे बसला, तू बसलायस तिथेच. मांजराला उठवून. म्हणाला, नेट्टा, दोन किटल्या कशाला? मला कळलं नाही आधी. मी म्हटलं तुझी बिघडली का? म्हणाला, नाही, दोन्ही चालतात, पण दोन घरं, दोन शेगड्या, दोन किटल्या, आणि दुपारभर आपण एकाच ठिकाणी. एकच पुरे की. आणि मग डहाळी टेबलावर ठेवली, माझ्या पुढ्यात. कुठल्याही बाईला कळेल याचा अर्थ. पण मी काही कुठलीही बाई नाही ना! सत्तर वर्षांची झाले, जन्मात कुणाच्या सपाता दारात नव्हत्या. शाळेत दोनशे पोरांना जेवू घातलं आणि घरी येऊन एक अंडं उकडलं. घाबरले रे. खरं सांगते, घाबरले. आणि घाबरले की मला थट्टा सुचते, हा माझा जन्माचा रोग. मी म्हटलं, वॉटी, ते बाहेरचं हेदर आधी एकमेकांत मिसळू दे, मग बघू. त्याने विचारलं, तीन वर्षं? मी म्हटलं, तीन. शहात्तरचा आहे तो. चहा संपवला, कप विसळून ठेवला, डहाळी तशीच राहू दिली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आयलीन आली आणि घेऊन गेली. गाडीतून हात केला त्याने. मी पण केला. हातात भांडी घासायचा ब्रश होता, तोच हलवला.

ती काय, तिथे आहे डहाळी, पेल्यात. अजून ताजी दिसते ना. वाळली तरी तशीच राहते ती, बरं असतं तिचं.

म्हणून म्हणते, तू आयलीनला फोन करून सांग, जमीन गोठलीय, खणता येत नाही. एप्रिलपर्यंत नाही जमायचं म्हण. तोवर मी... तोवर मी त्याला पत्र लिहीन. की जाऊनच येऊ? ॲबर्डीनला बस जाते ना थेट? मी काही तमाशा नाही करणार, नुसती उभी राहीन त्या दारवानासमोर आणि म्हणेन, वर सांग, नेट्टा आलीय, एकच किटली घेऊन. हसू नकोस. हसतोस काय? सगळं हरवून बसलेय मी, आणि तू—

काय?

पुन्हा म्हण. आधी चहा खाली ठेव आणि नीट म्हण. आयलीनने नाही? वॉटीने केला फोन? स्वतः? यंत्र शिट्ट्या मारत होतं? मग तोच. कधी, दोन तारखेला, निघायच्या आधी? आणि कुंपण नाही... मग ते खांब कसले? पाय? कसले पाय?

बाकडं.

दोघांपुरतं. त्या मधल्या जागेत.

दगड लागला म्हणे! मोठा आहे म्हणे! सप्टेंबरात! अरे लबाड, अरे दूधवाल्या — सप्टेंबरापासून याच्या मनात, आणि मी इथे उभी राहून त्याला रांग वाकडी आली म्हणून बोलतेय! आणि काय म्हणाला तो? नाही, त्याच्या शब्दांत सांग. 'तीन वर्षं थांबायचं तर बसायला काहीतरी नको का'?

थांब. बोलू नकोस जरा.

...आणि काल पुन्हा फोन आला त्याचा? येतोय? शुक्रवारच्या बसने? फ्लॅट नको म्हणाला? दोरी ओढून बघितली आणि नको म्हणाला, हो, तसंच करील तो. आणि तू, तू हे सगळं माहिती असून मला एवढं बोलू दिलंस? तोंडात शॉर्टब्रेड होता काय! सपातांपर्यंत पोचले मी, तेव्हा तरी गिळायचं! ऐक, गावातल्या दुकानात यातला एक शब्द जरी गेला ना, तर तुझ्या बायकोला सलगमाचं सांगेन, खिशांसकट. कळलं? ऊठ आता. ऊठ, बसलायस काय, शुक्रवार काय लांब आहे का. त्या पांढऱ्या रोपांना जपून, डावीकडचं फार नाजूक आहे. पहार घे. आणि मांजराला त्याची खुर्ची दे.

स्ट्रुअन! किती खोल पुरणार आहेस ते पाय? आणि कुंपणाचे खांब किती खोल पुरतोस तू? मग त्याहून खोल पूर. जा. दार ओढून घे, गार वारा येतोय.